मागचं डावं चाक

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. शाळेत गणित शिकवते, तोंडाची तिखट आहे, आणि पोरं मला मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण तो राग येतो तसा जातो. हा गेला नाही. वर्ष होत आलं, तरी उमरेडहून नागपूरला जाताना दिघोरीच्या अलीकडे ते गॅरेज दिसलं की स्टिअरिंगवरचे हात घट्ट होतात आणि तोंडातून नको ते निघते.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या गळ्यातली गाठ काढली. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तीस वेळा रेडिएशन सांगितलं. आई त्याला शेक म्हणायची. सोमवार ते शुक्रवार, रोज अकरा वाजता, रामदासपेठेतल्या दवाखान्यात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, की काहीही होवो, मध्ये खाडा पडू देऊ नका. खाडा पडला की मागच्या दिवसांचाही उपयोग कमी होतो. मी शाळेतून रजा घेतली. उमरेडच्या आमच्या घरात आम्ही दोघीच. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, भाऊबहीण कोणी नाही. गाडी चौदा वर्षांची, लहानशी, बाबांनीच घेतलेली. त्या गाडीनं तीस वेळा जायचं आणि तीस वेळा परत यायचं, एवढंच माझं काम होतं. एवढंच, आणि तेवढं तरी धड व्हायला हवं होतं.

आई मागे बसायची, डावीकडे. पुढे बसलं की सीटचा पट्टा गळ्याला घासायचा, आणि शेकानं तिथली कातडी काळी पडून सोलवटायला लागली होती. तर मागच्या डाव्या चाकाच्या वर, तिथं तिची उशी, पाण्याची बाटली आणि एक पातळ सुती ओढणी.

सहाव्या की सातव्या दिवशी तीच म्हणाली, "आवाज कायचा येऊन राहिला वं?"

मी म्हटलं, सिमेंटचा रोड आहे, आवाज येणारच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी रेडिओ बंद करून ऐकलं. चाळीसच्या खाली काही नाही. पन्नास झाले की मागून घूंऽऽ सुरू. सत्तरला गेलं की बोलताना आवाज चढवावा लागे. उजवीकडे वळण घेतलं की वाढायचा, डावीकडे घेतलं की दबायचा. मला यंत्रातलं फार कळत नाही, पण वळणावर आवाज बदलतो म्हणजे रस्त्याचा दोष नाही, एवढं गणित मलाही येते.

आमचा मेकॅनिक वीस वर्षांचा. म्हणजे वीस वर्षांपासूनचा. या गाडीच्या आधी बाबांची स्कूटर होती, ती त्याच्याकडेच. तेव्हा तो उमरेडलाच राहायचा; बाबांना रात्री छातीत दुखलं तर यानंच गाडी काढून नागपूरला नेलं होतं. मला ताई म्हणायचा, आईला आईच म्हणायचा. दिवाळीत घरी येऊन अनारसे खाऊन जायचा आणि उरलेले डब्यात भरून न्यायचा. माझ्या लेखी तो मेकॅनिक नव्हताच, घरचा माणूस होता. घरचा माणूस! हे लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते.

एका शनिवारी सकाळी गाडी त्याच्याकडे नेली. शेक शनिवार-रविवार नसायचा. त्यानं जॅक लावून मागचं डावं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. मला म्हणाला, "इथं बोट ठेवा ताई." चाकामागच्या स्प्रिंगवर बोट ठेवलं तर आत कोणी रेती दळून राहिलं असं वाटलं. उजवं चाक फिरवलं तर तिथं एवढं काही नव्हतं.

"बेअरिंग गेलं," तो म्हणाला. "चाक ज्याच्यावर फिरते ना, तेच घासलं. बदलावं लागते."

"गाडी चालवायला धोका आहे का?"

"आज-उद्या काही नाही. पण ठेवू नका तसं. जाम झालं तर चाक पकडते."

मी त्याला म्हटलं, "भाऊ, आईले रोज न्यावं लागते. सोमवारी सकाळी निघायचं आहे. आजच्या आज होईल ना? नीट पाहून करा."

"तुम्ही टेन्शन नका घेऊ. आई काय तुमचीच हाये का एकटीची?"

असं म्हणाला तो. याच शब्दांत.

मी किल्ली दिली आणि एसटीनं घरी निघून आले. इथं आमच्या घरची एक खोड सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोणाला काम दिलं की त्याच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. गवंडी असो, शिंपी असो, सोनार असो; काम सांगायचं आणि निघून यायचं. माझे आजोबा उमरेडला मागावर बसायचे, धोतरं विणायचे. व्यापारी सूत द्यायचा ते तोलून द्यायचा, आणि कापड घेताना पुन्हा त्यांच्यासमोर तोलायचा. बोटभर सूत कमी भरलं तर विणकरांच्या सगळ्या ओळीसमोर विचारायचा, कुठं गेलं? कधी कधी तर माणूस पाठवायचा, तो दिवसभर मागाजवळ पाटावर बसून पाहायचा. आजोबांनी आयुष्यात सुताचा धागा चोरला नाही. ती नजर मात्र त्यांना मरेपर्यंत सोसली नाही. बाबांनी ते लहानपणी पाहिलेलं. म्हणून आमच्या घरात सोनाराकडे आई पाटल्या मोडायला गेली तरी पाठ करून बसायची. जुना पार्ट दाखवा म्हणणं, झाकण उघडून दाखवा म्हणणं, हे आमच्यात शिवी दिल्यासारखं. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, हसू दे.

मलाही त्याचा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू. गॅरेजात दुसरे लोक प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून, माना वाकड्या करून, हा पाना काहून घेतला आणि तो काहून नाही असं विचारत बसायचे. मी मात्र किल्ली ठेवून ऐटीत निघायची. मला वाटायचं, त्याला कळत असेल, ही माणसं वेगळी आहेत.

संध्याकाळी गाडी आणायला गेले. त्यानं हात पुसत सांगितलं, "टाकलं ताई, नवीन. एकदम मक्खन." मी काही विचारलं नाही. उमरेडपर्यंत चालवत आणली. आवाज नव्हता! म्हणजे अगदी नव्हता असं नाही, पण पूर्वीचा घूंऽऽ गेला होता. मला इतकं बरं वाटलं की रस्त्यात थांबून आईसाठी खरबूज घेतलं.

घरी आल्यावर आईनं खाटेवरूनच विचारलं. तिला बोलताना त्रास व्हायचा तेव्हा, एकेक शब्द गिळल्यासारखा यायचा. "टाकलं?"

"टाकलं."

"तुह्यासमोर?"

आता ती त्याच घरात पन्नास वर्षं काढलेली बाई. पाठ करून बसणारी. तिनं असं विचारायला नको होतं. पण तिला त्या चाकावर बसायचं होतं, आणि आजारी माणूस भीत असते. मी म्हटलं, "हाव, माझ्यासमोर टाकलं. मी पाहिलं." सहज निघून गेलं तोंडातून. तिला शांत झोप लागावी म्हणून. तिनं मान हलवली आणि त्या रात्री खरंच शांत झोपली.

तीन आठवडे गाडी चालली. सोमवार ते शुक्रवार. आई आता डोळे मिटून बसायची. आवाजाचं नाव नाही. मग हळूहळू पुन्हा काहीतरी यायला लागलं, पण मी मनाला समजावलं, नवीन बेअरिंग आहे, बसत असेल. घरच्या माणसावर शंका घ्यायची नाही म्हटलं की माणूस आपल्याच कानांवर शंका घेतो.

पंचविसावा शेक होता त्या दिवशी. पाचगावच्या थोडं अलीकडे मागून कर्रर्र असं झालं, गाडी डावीकडे ओढली गेली आणि जळका वास आला. मी ब्रेक दाबला तर गाडी शेपटी हलवल्यासारखी मागून हलली. पाठीमागून ट्रक हॉर्न वाजवत अगदी घासून गेला. कशीबशी बाजूला घेतली. मागे वळून पाहिलं तर आईनं पुढच्या सीटचं टेकण दोन्ही हातांनी धरलं होतं आणि तोंड उघडं होतं. ओरडायचं असेल, पण आवाज निघत नव्हता.

चाकाला हात लावला तर पोळला. दहाच्या गतीनं, रस्ता सोडून कडेच्या मातीवरून, गाडी पाचगावात नेली. तिथं रस्त्याला लागून पंक्चरचं आणि थोडंफार दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानवाला तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत होता, त्यामुळे हनुवटी वर करून बोलायचा. आईसाठी त्यानं आतून खुर्ची आणली, सावलीत ठेवली. मी त्याला म्हटलं, अकराला रामदासपेठेत पोचायचं आहे, आईचा शेक आहे, तेवढ्यापुरती गाडी नेता येईल का ते पाहा, नाहीतर आम्ही बसनं जातो.

त्यानं चाक काढलं. चाकाच्या मधोमध लोखंडाची एक टोपी असते, तीही काढली. मग वाकून पाहिलं, खर्रा थुंकला आणि मला म्हणाला, "मॅडम, हे कधी खोललं होतं?"

"तीन आठवडे झाले. बेअरिंग नवीन टाकलं."

"नाही टाकलं."

"नाही कसं? टाकलं आहे."

"या इकडे. पाहा." त्यानं मला खाली बसवलं. टोपीच्या आत मोठा नट होता. त्यानं पान्याच्या टोकानं दाखवलं. तो नट कंपनीतच घट्ट करतात आणि त्याची कड छिन्नीनं ठोकून एका खाचेत दाबतात, सुटू नये म्हणून. बेअरिंग काढायचं तर ती कड उचकटावीच लागते, दुसरा रस्ताच नाही. ही कड जशीच्या तशी होती. तिच्यावर चौदा वर्षांची मळी, काळी, कडक, नखानं निघत नव्हती. "हा नट आजपर्यंत कोणी खोललाच नाही," तो म्हणाला. "टायर तेवढे पलटवले, मागचे पुढे. त्यानं आवाज थोडे दिवस दबते. गाडी नेऊ नका. चाक निघून पडंल."

सगळं तिथंच, खुर्चीपासून चार हातांवर, मोठ्यानं. आई ऐकत होती. मी वर पाहिलं तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, दुखत असेल.

गाडी तिथंच टाकली आणि एसटी धरली. गर्दी इतकी की आईला पाय ठेवायला जागा नाही. एका बाईनं उठून तिला बसवलं. मी दांडा धरून उभी आणि डोक्यात नुसता जाळ. वीस वर्षं! अनारसे! आई काय तुमचीच हाये का एकटीची! त्याला माहीत होतं त्या चाकावर कोण बसते. मीच सांगितलं होतं. माझ्या गाडीला फसवलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. यानं माझ्या आईला त्याच चाकावर परत बसवलं आणि हात पुसत मक्खन म्हणाला.

बस दिघोरीला अडकली, तिथून ऑटो केला, तोही सिग्नलवर उभा. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्या दिवशी दुपारी मशीन देखभालीसाठी बंद ठेवणार होते, ते आम्ही पोचायच्या आधीच बंद केलं होतं. मी भांडले. हात जोडले. पुन्हा भांडले. मशीनजवळची मुलगी बिचारी म्हणत राहिली, मॅडम, माझ्या हातात नाही. खाडा पडला. डॉक्टर म्हणाले, एक दिवस शेवटी वाढवू, काळजी करू नका, पण पुन्हा होऊ देऊ नका. माझ्याकडे पाहूनच म्हणाले.

दुकानवाल्यानं दुसऱ्या दिवशी बेअरिंग बदललं. माझ्यासमोर. मी पहिल्यांदा आयुष्यात कोणाच्या डोक्यावर उभी राहिले, आणि सांगते, लाज वाटली. जुनं बेअरिंग त्यानं जुन्या कापडात गुंडाळून दिलं. ते घेऊन मी आईचा शेक झाल्यावर तिला ओळखीच्या घरी थोडा वेळ बसवून सरळ गॅरेजात गेले.

तो कोणाच्या तरी गाडीखाली होता. मी हाक मारली तशी बाहेर आला, हसला. "ताई! आई कशी हाये?"

मी बेअरिंग त्याच्या समोरच्या बाकावर आपटलं. "हे काय आहे?"

पाहिलं त्यानं. आधी म्हणाला, "हे कुठलं?" मग म्हणाला, "मी तर टाकलं होतं ना नवीन." मी नटाची कड सांगितली. मळी सांगितली. मग त्यानं कपड्याला हात पुसले, पुसलेच पुसले, आणि हळू बोलला.

"त्या दिवशी पार्ट भेटला नाही ताई. गर्दी होती. टायर पलटवून पाहिले तं आवाज बंद झाला. म्हटलं, पुढच्या शनिवारी टाकून देऊ."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

मी तोंडाचा पट्टा सोडला. नालायका, बेशरमा, जे आलं ते बोलले. गॅरेजातली सगळी गिऱ्हाइकं स्टुलांवरून पाहत होती. तो ऐकून घेत होता. पैसे परत देतो म्हणाला तेव्हा मी आणखी भडकले. शेवटी विचारलं, "आमच्यासोबतच काहून? वीस वर्षं आम्ही तुझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, म्हणून?"

त्यानं त्या स्टुलांकडे पाहिलं. "हे लोक बसून राहतात ताई," तो म्हणाला. "बसलेल्या माणसाचं आधी करावंच लागते. तुम्ही किल्ली देऊन चालल्या जाता. मंग तुमचं राहून जाते."

राहून जाते. म्हणजे पहिल्यांदा नव्हतं. मी विचारलं, "किती वेळा राहिलं?" तो बाकावरचं बेअरिंग उलटंपालटं करत राहिला. बाबांची स्कूटर, ब्रेकच्या पट्ट्या, क्लच, मागच्या वर्षीचा इंजिनचा पट्टा, काय खरं होतं आणि काय राहून गेलं होतं, कोणाला माहीत. आम्ही जे मान देणं समजत होतो, ते त्याच्या लेखी नुसतं रिकामं स्टूल होतं. मला रडू आलं, त्याच्यासमोर, आणि त्याचाही राग आला.

घरी येताना पूर्ण रस्ता मी आईला सांगत होते. तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, कसं झापलं, सगळं. "तोंडावर खोटं बोलला गं आई! एवढा आपला म्हणवणारा!" आई मागे, उशीला टेकून. मी आरशात पाहिलं, ती बाहेर पाहत होती. बोलायला त्रास होतो, म्हणून मी सोडून दिलं.

शनिवारी सकाळी ती आपण होऊन साडी नेसून बाहेर आली. म्हणाली, "चाल." मी म्हटलं, आज शेक नाही. ती म्हणाली, "उजवं चाक." पाचगाववाला बोलला होता खरा, की उजव्याचंही तेवढंच वय आहे, ते काढून बदललेलं बरं. मी म्हटलं, मी घेऊन जाते, तू आराम कर. ती गाडीत जाऊन बसली होती.

पाचगावला उन्हं चढली होती. दुकानवाल्यानं जॅक लावला. आईनं खुर्ची मागितली आणि सावलीत नाही, चाकाच्या समोर ठेवायला लावली. उन्हात. गळ्यावर ओढणी धरून बसली. कातडी तशी सोललेली, डॉक्टरांनी ऊन लागू देऊ नका सांगितलेलं. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "आई, तू आत बस ना. मी उभी आहे इथं. मी पाहते."

तिनं चाकावरची नजर हलवली नाही. एकेक शब्द गिळत म्हणाली, "तुह्या पाहण्याचं मी काय करू?"

दुकानवाल्यानं टोपी काढली. आईनं खुर्ची पुढे ओढून घेतली आणि वाकून नट पाहायला लागली. मी मागे झाले.